सिएटल पायलट्स, १९६९: घाईत जन्मलेल्या संघाचं प्रकरण

सिएटल पायलट्स हा बेसबॉलच्या अमेरिकन लीगचा संघ ८ एप्रिल १९६९ रोजी पहिला सामना खेळला आणि ३१ मार्च १९७० रोजी न्यायालयात दिवाळखोर ठरला. मधे पुरतं वर्षही भरलं नाही. पुढच्या आठवड्यात बहुतेक तेच खेळाडू, त्याच गणवेशांवर दुसरं नाव शिवून, मिलवॉकी ब्रूअर्स म्हणून मैदानात उतरले.

पायलट्स का बुडाले, याची तीन कारणं नेहमी सांगितली जातात: मैदान टाकाऊ होतं, संघ कमजोर होता, प्रेक्षक आले नाहीत. तिन्ही खरी आहेत. पण लीगने त्याच वर्षी, त्याच किमतीला आणि त्याच निवड प्रक्रियेतून दुसराही संघ विकला होता, कॅन्सस सिटी रॉयल्स. तो टिकला, आणि दोन वर्षांत पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवायला लागला. म्हणजे विस्तार संघ (लीगने नव्याने वाढवलेला संघ) असणं हाच काही पायलट्सचा रोग नव्हता. सिएटलचं स्टेडियम आणि मालकांचं भांडवल १९७१ च्या हिशेबाने जमवायचं ठरलं होतं, आणि संघाला मात्र १९६९ मध्ये खेळावं लागलं. बाकीचं बहुतेक सगळं इथूनच निघतं.

१९७१ चं १९६९ कसं झालं

कॅन्सस सिटीत १९५५ पासून अ‍ॅथलेटिक्स हा संघ होता. त्याचे मालक चार्ली फिनली यांना तो ओकलंडला हलवायचा होता. ऑक्टोबर १९६७ मध्ये शिकागोतल्या बैठकीत लीगच्या मालकांनी त्यांना परवानगी दिली. कॅन्सस सिटीची समजूत काढायला तिथे नवा संघ द्यायचं कबूल केलं आणि मुदत ठेवली उशिरात उशिरा १९७१ ची. विषम संख्येने लीगचं वेळापत्रक बसत नाही, म्हणून जोडीला सिएटल घेतलं. सिएटलची निवड अगदीच आंधळी नव्हती. शहर मोठं होतं, बोईंगमुळे हातात पैसा होता आणि स्पर्धेला बास्केटबॉलचा एक नवखा संघ सोडला तर कोणी नव्हतं. १९६५ च्या सुमारास क्लीव्हलंडचा संघ तिथे जाण्याच्या बेतात होता.

कॅन्सस सिटी ज्या राज्यात आहे त्या मिझुरीचे सिनेटर स्टुअर्ट सायमिंग्टन यांना १९७१ पर्यंत थांबायचं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९२२ च्या निकालापासून बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट आहे. ती काढून घेण्याची धमकी त्यांनी दिली. या सूटीवरच लीगचा सगळा कारभार उभा असल्याने मालक लगेच नमले आणि दोन्ही नवे संघ १९६९ मध्येच खेळवायचं ठरलं.

कॅन्सस सिटीला याची झळ बसली नाही. तिथे मोठ्या संघाच्या वापरातलं मैदान रिकामं पडलं होतं आणि जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी जून १९६७ मध्येच नव्या क्रीडासंकुलासाठी ४ कोटी ३० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले होते. सिएटलमध्ये छताच्या स्टेडियमसाठीचं मतदान व्हायला फेब्रुवारी १९६८ उजाडलं. ४ कोटी डॉलरचे रोखे ६२ टक्के मतांनी मंजूर झाले. पण बांधायचं कुठे, हा प्रश्न तसाच राहिला.

पैशांची मांडणी

संघाची मालकी पॅसिफिक नॉर्थवेस्ट स्पोर्ट्स या कंपनीकडे होती. तिचे प्रमुख ड्युई सोरियानो. पूर्वी ते दुय्यम लीगच्या सिएटल रेनियर्सकडून पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून खेळले होते, नंतर त्याच संघाचे व्यवस्थापक आणि पुढे पॅसिफिक कोस्ट लीगचे अध्यक्ष झाले. बंदरात जहाजं आत आणणाऱ्या पायलटचंही काम त्यांनी केलं होतं. संघाच्या नावात ते आहे आणि विमानांचं शहर म्हणून सिएटलही आहे. सोबत भाऊ मॅक्स होता. मात्र सोरियानो बंधूंकडे खेळाचं ज्ञान होतं, पैसा नव्हता. म्हणून त्यांनी क्लीव्हलंडच्या संघाचे माजी मालक विल्यम डेली यांना आणलं, आणि ४७ टक्के हिस्सा डेलींकडे गेला. सगळ्यात मोठा भागधारक दोन हजार मैलांवर राहणारा, आणि कारभार पाहणाऱ्यांच्या खिशात फारसं काही नाही, अशी ही रचना होती.

आता बिलं पाहू. लीगच्या दहा जुन्या संघांकडून ३० खेळाडू, दर प्रत्येकी १ लाख ७५ हजार डॉलर, म्हणजे ५२ लाख ५० हजार. वर १ लाख प्रवेश शुल्क. एकूण ५३ लाख ५० हजार. शिवाय पॅसिफिक कोस्ट लीगच्या हातून सिएटलचा प्रदेश गेला, त्याची भरपाई १० लाख. या दोन रकमांत सराव शिबिर, बॅटी, विमानाची तिकिटं, पगार यातलं काहीच धरलेलं नाही. सुरुवातीच्या खर्चासाठी बँक ऑफ कॅलिफोर्नियाचं सुमारे ४० लाख डॉलरचं कर्ज होतं. नव्या संघाला पहिल्या वर्षी खेळती रक्कम लागते ती तिकिटं, जाहिरात आणि टीव्ही यांतून. स्थानिक टीव्हीचा करार झालाच नव्हता, जे होतं ते फक्त रेडिओवर. राहिली तिकिटं. ती विकायला खुर्च्या हव्यात.

सिक्स स्टेडियम

रेनियर बिअरच्या कारखान्याचे मालक एमिल सिक यांनी सिक्स स्टेडियम हे मैदान १९३८ मध्ये दुय्यम लीगच्या संघासाठी बांधलं. जागा होती सुमारे ११ हजार प्रेक्षकांची. तेवढ्या संघापुरतं ते चांगलंच होतं. १९६५ मध्ये शहराने ते विकत घेतलं, तेही खेळासाठी नाही. तिथून जलदगती रस्ता न्यायचा बेत होता. पाडण्यासाठी घेतलेल्या इमारतीच्या देखभालीवर कोणती नगरपालिका खर्च करते?

लीगची अट अशी की १९६९ च्या पहिल्या सामन्याआधी क्षमता ३० हजारांवर न्यायची, आणि छताचं स्टेडियम होईपर्यंत संघाने इथे खेळायचं. शहराने ठरवलेल्या रकमेपेक्षा ठेकेदारांच्या निविदा वर गेल्या, तेव्हा कामाची व्याप्ती कापली गेली. कापाकापी झाली ती नळ, शौचालयं, पत्रकार कक्ष अशा न दिसणाऱ्या गोष्टींची, कारण मोजणी खुर्च्यांची होणार होती. त्यातच १९६८-६९ च्या हिवाळ्यात सिएटलमध्ये विक्रमी बर्फ पडला.

११ एप्रिलला घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता, तेव्हा १७ हजारांच्या आसपास जागा तयार होत्या. तिकीट काढून आलेले काही प्रेक्षक बाहेर ताटकळत होते आणि आत सुतार बाकं ठोकत होते. डाव्या बाजूच्या कुंपणाच्या फटींतून काही जण फुकट पाहत होते. त्या दिवशी १४,९९३ लोक आले. गॅरी बेलने शिकागो व्हाइट सॉक्सला एकही धाव दिली नाही आणि पायलट्स ७-० ने जिंकले. जूनपर्यंत क्षमता २५ हजारांवर गेली. ठरलेल्या ३० हजारांपर्यंत ती पोहोचलीच नाही.

नळांचं दुखणं नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण घाईच्या विस्तारात नेहमी तेच होतं. खुर्च्या दुपटीहून जास्त झाल्या आणि पाण्याच्या वाहिन्या बहुतांशी १९३८ च्या गर्दीला पुरतील एवढ्याच राहिल्या. सामन्याच्या मधल्या विश्रांतीत शौचालयांवर एकदम ताण येतो. गर्दी थोडी जास्त असली की सातव्या डावानंतर पाण्याचा दाबच उरत नसे. सामना संपल्यावर खेळाडूंच्या खोलीत शॉवरला धार येत नसे, मग पाहुणा संघ हॉटेलवर जाऊन अंघोळ करी आणि घरचे खेळाडू घरी. पत्रकार कक्षाची जागाही अशी होती की पाहुण्या संघाच्या समालोचकांना तिसरा बेस आणि डावं मैदान दिसत नसे. त्यावर उपाय म्हणून आरसा लावला, आणि समालोचक त्यात बघून खेळ सांगत.

अशा मैदानाचं तिकीट मात्र लीगमधल्या महागड्या तिकिटांपैकी एक होतं. मालकांचा हिशेब उघड आहे. खुर्च्या कमी, टीव्हीचा पैसा नाही, कर्जाचं व्याज चालू, मग दर वाढवा. ग्राहकाचा हिशेबही तितकाच उघड होता. हंगामभरात ६,७७,९४४ प्रेक्षक आले, म्हणजे सामन्याला आठ हजारांहून थोडे जास्त. दोन्ही मोठ्या लीगच्या, अमेरिकन आणि नॅशनल, चोवीस संघांत विसावा क्रमांक. दोन्ही लीगच्या मिळून चार नव्या संघांतल्या माँट्रियल एक्स्पोजकडे त्याच वर्षी बारा लाखांहून अधिक लोक गेले होते, आणि तेही तात्पुरत्या मैदानावरच खेळत होते. तेव्हा दोष नुसता मैदानावर ढकलूनही भागत नाही.

काम अर्धवट म्हणून कंपनीने शहराचं भाडं अडवलं, शहराने बाहेर काढण्याची भाषा केली. सप्टेंबरमध्ये डेलींनी जाहीर सांगितलं की सिएटलला स्वतःला सिद्ध करायला आणखी एक वर्ष आहे. मालकच असं बोलला की पुढच्या हंगामाची तिकिटं कोण आगाऊ घेणार?

खेळाडू कसे मिळाले

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांना ही पद्धत वेगळी वाटेल. १५ ऑक्टोबर १९६८ च्या निवडीत प्रत्येक जुन्या संघाने आपले १५ खेळाडू राखून ठेवले. उरलेल्यांतून दोन नवे संघ निवडत गेले. एका फेरीत एका जुन्या संघाचा एकच खेळाडू जायचा, आणि तो गेला की त्या संघाला आणखी तीन खेळाडू राखता यायचे. सहा फेऱ्यांत प्रत्येकाचे सहा गेले. दहा संघांचे मिळून साठ, म्हणजे दोघांना तीस-तीस. पहिल्या पंधरानंतरचा माल आणि फेरीगणिक तोही आकसणारा, अशी ही योजना असते. दर मात्र पहिल्याला आणि तिसाव्याला एकच.

अशा वेळी शहाणपणाचे दोन मार्ग असतात. कोवळे खेळाडू घेऊन चार वर्षं मार खायचा, किंवा नावाजलेले पण उतरणीला लागलेले घेऊन पहिल्या वर्षी तिकिटं विकायची. पायलट्सचे जनरल मॅनेजर मार्विन मिल्कस यांनी मुख्यतः दुसरा धरला. पहिली निवड डॉन मिंचर, मग टॉमी हार्पर, पुढे टॉमी डेव्हिस, गॅरी बेल, रिच रोलिन्स. शॉर्टस्टॉपवर, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी, रे ओयलर. क्षेत्ररक्षण उत्तम, पण १९६८ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी होती ०.१३५, म्हणजे हजार संधींमागे १३५ यशस्वी फटके. सिएटलकडून ती ०.१६५ झाली, याला सुधारणा म्हणायचं की नाही ते वाचकाने ठरवावं. एका रेडिओ निवेदकाने त्याच्या नावाने चाहत्यांचा क्लब काढला होता आणि तो चांगलाच चालला.

तिकिटांचं दडपण असलं की तरुण खेळाडू हातातून कसे सुटतात, याचं उदाहरण लू पिनिएला. निवडीत तो पायलट्सला मिळाला होता. १ एप्रिल १९६९ रोजी, पहिल्या सामन्याच्या आठवडाभर आधी, त्यांनी तो कॅन्सस सिटीला दिला आणि बदल्यात स्टीव्ह व्हिटेकर आणि जॉन गेलनर घेतले. पिनिएला त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पिचर माइक मार्शल इथे ३ जिंकला, १० हरला, मग त्याला सोडून दिलं. १९७४ मध्ये त्याने लॉस एंजेलिसकडून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला.

तरी संघ काही हास्यास्पद नव्हता. पहिला सामना अ‍ॅनाहाइममध्ये ४-३ असा जिंकला, पहिल्याच डावात माइक हेगनने दोन धावांचा होम रन मारला. २८ जूनला ते आघाडीपासून फक्त सहा सामने मागे होते. मग जुलैत ९ विजय, २० पराभव. ऑगस्टमध्ये ६ आणि २२. शेवटी ६४-९८, पश्चिम गटात तळाला, अव्वल ठरलेल्या मिनेसोटाच्या ३३ सामने मागे. हार्परने ७३ बेस चोरले (फटका नसताना धावून पुढचा बेस गाठला), दोन्ही लीगमध्ये सर्वाधिक. मिंचरचे २५ होम रन. संघासाठी सर्वाधिक, ८० धावा आणल्या त्या टॉमी डेव्हिसने, आणि त्याला ऑगस्टअखेर ह्यूस्टनला देऊन टाकलं होतं. ९८ पराभव नव्या संघाच्या मानाने वाईट नाहीत. नॅशनल लीगमधले दोन्ही नवे संघ, सॅन डिएगो आणि माँट्रियल, त्या वर्षी ११०-११० सामने हरले आणि दोघेही आपापल्या शहरात राहिले.

ऑक्टोबर ते मार्च

हंगाम संपला तेव्हा पैसे संपले होते. डेली आणखी घालायला तयार नव्हते. छताच्या स्टेडियमचं घोडं जागेवरून अडलं होतं. सिएटल सेंटरची जागा निवडली होती, पण विरोधकांनी सह्या गोळा करून ती मतदानाला नेली (मे १९७० मध्ये मतदारांनी ती फेटाळली). बोईंगमध्ये नोकरकपात सुरू झाली होती. १९६७ मध्ये सिएटल परिसरात तिचे सुमारे एक लाख कामगार होते, १९७१ च्या वसंतात चाळीस हजारही उरले नाहीत. आधीच खिसा फाटका, त्यात हा दुष्काळातला तेरावा महिना.

ऑक्टोबर १९६९ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या (दोन्ही लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्याच्या वेळी सोरियानोंनी मिलवॉकीच्या बड सीलिग यांच्याशी गुपचूप सौदा केला. सीलिग तयारीचे होते. १९६५ नंतर तिथला ब्रेव्ह्ज संघ अटलांटाला गेल्यापासून मिलवॉकीचं काउंटी स्टेडियम ओस पडलं होतं. तिथे शिकागो व्हाइट सॉक्सचे १९६८ मध्ये ९ आणि १९६९ मध्ये ११ सामने भरवून त्यांनी गर्दी येते हे दाखवलं होतं. पण सौदा फुटला, सिएटल ज्यात आहे त्या वॉशिंग्टन राज्याचे सिनेटर मॅग्नुसन आणि जॅक्सन, तसंच राज्याचे महाधिवक्ता स्लेड गॉर्टन यांनी आवाज उठवला, आणि लीगने आधी स्थानिक खरेदीदार शोधायला सांगितलं.

पहिले आले चित्रपटगृहांच्या साखळीचे मालक फ्रेड डान्झ. बँकेने जुनं कर्ज मागे मागितलं आणि तो व्यवहार कोसळला. मग हॉटेल उद्योगातले एडवर्ड कार्लसन यांनी ना-नफा संस्थेमार्फत संघ घ्यायची योजना मांडली. इतर मालकांना ती मुळीच रुचली नाही. एका शहराने नफ्याशिवाय संघ चालवून दाखवला तर आपल्या संघांचं बाजारमूल्य काय राहील, ही भीती होती. नंतरचा नेहमीच्या धर्तीचा प्रस्ताव एका मताने पडला.

मार्चमध्ये खेळाडू अ‍ॅरिझोनातल्या सरावाला गेले तेव्हा आपण कुठल्या शहराचे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जो शुल्ट्झ जाऊन डेव्ह ब्रिस्टल प्रशिक्षक झाले होते. लीगने मिलवॉकीला कल दिला तसा वॉशिंग्टन राज्याने १७ मार्चला मनाई हुकूम मिळवला. त्यावर कंपनीने उलटी खेळी केली आणि दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. दिवाळखोरीत सगळी सूत्रं संघराज्याच्या न्यायालयाकडे जातात, राज्याच्या न्यायालयातला हुकूम मागे पडतो. सुनावणीत मिल्कस यांनी सांगितलं की पगाराला पैसे नाहीत. करारानुसार पगार दहा दिवसांपेक्षा जास्त लांबला की खेळाडू मोकळे. म्हणजे ५२ लाख ५० हजारांना घेतलेली मालमत्ता दहा दिवसांत हवेत विरली असती, आणि कर्ज देणाऱ्यांच्या हाती अर्धवट मैदानाची भाडेपट्टी उरली असती. हा मुद्दा निर्णायक ठरला. दिवाळखोरीची प्रकरणं पाहणारे न्यायालयीन अधिकारी (रेफरी) सिडनी व्होलिन यांनी ३१ मार्चला कंपनी दिवाळखोर ठरवून १ कोटी ८ लाख डॉलरच्या विक्रीला वाट मोकळी केली.

संघाचं सामान भरलेली वाहनं तोवर यूटामधल्या प्रोव्होत थांबली होती. सिएटलकडे वळायचं की मिलवॉकीकडे, याचा निरोप चालकांना मिळायचा होता. ७ एप्रिलला मिलवॉकीत ३७,२३७ लोकांसमोर ब्रूअर्स कॅलिफोर्निया एंजल्सकडून १२-० हरले. सीलिग यांना गडद निळा आणि लाल रंग हवा होता, पण नवे कपडे शिवायला वेळ नव्हता. पायलट्सच्या शर्टावरची अक्षरं उसवून ब्रूअर्स शिवलं, आणि जवळून पाहिलं तर जुन्या अक्षरांच्या खुणा दिसत. निळा-सोनेरी रंग मिलवॉकीला असाच चिकटला.

कॅन्सस सिटीत काय वेगळं होतं

रॉयल्सचे मालक युइंग कॉफमन हे औषध कंपनीचे संस्थापक, एकटे मालक आणि त्याच गावचे. पहिल्या वर्षी ६९-९३, प्रेक्षक ९,०२,४१४. ही कामगिरी पायलट्सपेक्षा फक्त पाच विजयांनी सरस होती. फरक असा की तोटा झाला तर कोणाच्या संमतीशिवाय धनादेश लिहिणारा माणूस तिथे होता. त्यामुळे त्यांना थांबता आलं. निवडीतून आलेल्या जो फॉयला डिसेंबर १९६९ मध्ये न्यूयॉर्क मेट्सला देऊन त्यांनी एमोस ओटिस घेतला, आणि तो पुढे कित्येक वर्षं त्यांचा मध्य मैदानाचा आधार झाला. १९७१ मध्ये ८५-७६. नवं स्टेडियम १९७३ मध्ये उघडलं. म्हणजे तिथेही चार हंगाम जुन्याच मैदानावर काढले, पण ते मैदान आधीपासून मोठ्या लीगच्या मापाचं होतं.

दावा आणि दुसरा संघ

वॉशिंग्टन राज्य, किंग काउंटी आणि सिएटल शहर यांनी अमेरिकन लीगवर दावा ठोकला, मागणी ३ कोटी २५ लाख डॉलरची. मुद्दा करारभंग आणि फसवणुकीचा होता: तुम्ही संघ देतो म्हणालात, त्या भरवशावर आम्ही रोखे काढले. खटला उभा राहायला जानेवारी १९७६ आला. एव्हरेटच्या न्यायालयात वकील विल्यम ड्वायर यांनी लीगच्या मालकांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभं केलं, आणि तिथे त्यांचा कारभार जसजसा उघडा पडत गेला तसतशी लीगला तडजोड स्वस्त वाटू लागली. लीगने सिएटलला नवा संघ दिला आणि दावा मागे घेतला गेला. संख्या पुन्हा विषम होऊ नये म्हणून टोरंटोलाही संघ मिळाला.

या वेळी क्रम उलटा होता. छताचं किंगडोम मार्च १९७६ मध्ये उघडलं, निवड नोव्हेंबर १९७६ मध्ये झाली आणि सिएटल मरिनर्स एप्रिल १९७७ मध्ये खेळायला लागले. पहिल्या रात्री ५७,७६२ लोक आले, संघ ७-० हरला. हंगामाअखेर मरिनर्सचा हिशेब ६४-९८ होता, पायलट्सच्या बरोबरीचा. प्रेक्षक मात्र १३,३८,५११, म्हणजे जवळपास दुप्पट. मालकांच्या भांडवलाचं दुखणं तेवढं तसंच राहिलं. नवलाई ओसरल्यावर गर्दी घटली, पहिल्या मालकांना तोटा पेलवेना आणि १९८१ मध्ये त्यांनी संघ जॉर्ज आर्गिरोस यांना विकला.